जंतूचं काम, जंतूविना

साल १९५०. न्यूयॉर्कमधल्या एका इस्पितळाचा लांबट वॉर्ड. दार ढकलून तुम्ही आत पाऊल टाकता आणि डोळ्यांआधी नाकाला कळतं, की इथे भाजलेली माणसं आहेत. जंतुनाशकाचा उग्र वास, उकळलेल्या कापडांची वाफ, आणि त्या सगळ्याखाली कशानेही न झाकला जाणारा एक गोडसर, कुजका दर्प.

खिडकीलगतच्या खाटेवरचा माणूस पेट्रोलच्या भडक्यात सापडला होता. पोट आणि उजवी मांडी खोलवर भाजली आहे. तिसरा आठवडा चालू आहे. सिस्टर एकेक पट्टी मिठाच्या पाण्याने भिजवत सोडवते आणि तुम्हाला तो थर दिसतो: तपकिरी, मधेच काळपट, वाळून कडक झालेला. डॉक्टर त्याला एस्कार म्हणतात. मधोमध बोट टेकवलं तर त्या माणसाला कळतही नाही, कारण तिथल्या नसा त्वचेबरोबरच मेल्या आहेत. पण कडेला, जिथे मेलेली कातडी जिवंत मांसाला भिडते, तिथे चिमटा लागला की तो दात आवळून डोळे मिटतो. सुटत आलेला काठ सिस्टर कात्रीने कापते. आज दोन बोटं सुटला. उरलेला अजून घट्ट आहे.

तो थर निघाल्याशिवाय खाली नवी त्वचा लावता येत नाही, आणि तो आपणहून सुटायला कित्येक आठवडे घेतो. तुम्ही विचारता, तो मुळात सुटतो कसा? या वॉर्डातल्या कुठल्याही अनुभवी माणसाला उत्तर माहीत आहे, पण ते सांगताना त्याचा आवाज खाली येतो. तो सोडवतात जंतू. मेलेल्या थराखाली ते वाढतात, आपल्या अंगातून पाचक रस सोडतात आणि थराला धरून ठेवणारे धागे विरघळवतात. थर सैल होतो, सिस्टरच्या कात्रीला काम मिळतं. मात्र तेच जंतू त्याच वाटेने रक्तात शिरतात, आणि कालपर्यंत बोलणारा माणूस आज तापाने फणफणून भ्रमात जातो. म्हणजे जखम साफ व्हायला हवी असेल, तर जी गोष्ट माणसाला मारते तिच्यावरच भिस्त ठेवायची. वॉर्डातली सगळी शुश्रूषा, सगळी माया, सगळे कष्ट या एका पेचाभोवती फिरत आहेत.

हा पेच एका जंतूनेच सोडवायला मदत केली, म्हणून तुम्हाला आधी त्याच्या जन्मगावी नेतो.

१९१६. फ्रान्स. पायाखाली चिखल आहे, आणि हा चिखल साधा नाही. पिढ्यान् पिढ्या शेणखत घातलेली ही शेतं आता तोफांनी उलटीपालटी केली आहेत. मातीत जंतूंचे बीजाणू निपचित पडलेले आहेत. तोफगोळ्याचा तुकडा सैनिकाच्या मांडीत घुसतो तेव्हा गणवेशाची चिंधी आणि ही माती सोबत आत नेतो. फाटलेल्या स्नायूला रक्त पोचत नाही, म्हणजे प्राणवायूही नाही, आणि नेमकं हेच या बीजाणूंना हवं असतं. मांडी सुजते, दाबली की आत वायूचे बुडबुडे करकरतात. वायुजन्य कोथ. शल्यविशारद पाय कापतात, आणि तरीही माणसं जातात.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वाइनबर्ग आणि सेगाँ हे दोघे अशा जखमांमधले जंतू वेगळे करत बसले आहेत. त्यातल्या एकाने त्यांना चक्रावून सोडलं आहे. त्याचा अर्क गिनीपिगच्या मांडीत टोचला, तर काही तासांत स्नायूंचा लगदा होतो आणि हाड उघडं पडतं. तुम्ही ते पाहता आणि नजर वळवता. ऊती विरघळवणारा म्हणून त्यांनी त्याला बॅसिलस हिस्टोलिटिकस हे नाव दिलं; पुढे तो क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम झाला. या क्षणी, या खोलीत, हा जंतू कुणाच्या उपयोगी पडेल असं कुणाच्या मनातही येणं शक्य नाही.

आता छत्तीस वर्षं पुढे. मॅनहॅटनचं उत्तर टोक, वॉशिंग्टन हाइट्स. १६८व्या रस्त्याचं भुयारी स्टेशन इतकं खोल आहे, की वर यायला लिफ्ट लागते. बाहेर आलात की हडसन नदीवरून येणारा वारा तोंडावर आपटतो. समोर कोलंबिया विद्यापीठाचं वैद्यकीय संकुल. साल १९५२. तुम्ही जिना चढता, आणि पुन्हा तोच कुजका वास येतो, पण या वेळी इथे पेशंट कुणीच नाही. वास काचेच्या भांड्यांतून येतो आहे.

इथे काम करणाऱ्या डॉ. इनेस मँडल यांनी नुकतीच पस्तिशी गाठली आहे. जन्म १९१७चा, व्हिएन्नाचा. १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा त्या लंडनला निसटल्या, तिथून आयर्लंडला. कॉर्कमध्ये रसायन तंत्रज्ञान शिकल्या. युद्ध संपत असताना न्यूयॉर्कला पोचल्या आणि कार्ल नॉयबर्ग यांच्या हाताखाली कामाला लागल्या. नॉयबर्ग म्हणजे जीवरसायनशास्त्राच्या पायाचे दगड ज्यांनी बसवले त्यांपैकी एक. नाझींनी त्यांना बर्लिनच्या संस्थेतून हुसकून लावलं होतं. गुरू आणि शिष्या, दोघंही निर्वासित. त्या दोघांचा एक आवडता विषय होता: निसर्गात न विरघळणारी द्रव्यं विरघळतात कशी? १९४९मध्ये ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधून मँडल यांनी पीएचडी मिळवली. न विरघळणाऱ्या द्रव्यांच्या त्या आवडीचा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढे आयुष्यभर त्यांनी ज्या द्रव्याशी झुंज घेतली ते कोलॅजेन, शरीरातलं सगळ्यात हट्टी, सहजी न विरघळणारं प्रथिन आहे.

पांढरा कोट चढवा आणि टेबलाजवळ या. इथलं काम धावपळीचं नाही, जपून करण्याचं आहे.

पहिली नळी हातात घ्या. मांसाचे बारीक तुकडे आणि त्यांचाच रस्सा उकळून, निर्जंतुक करून ठेवला होता. त्यात हिस्टोलिटिकमचं बी टाकलं होतं. तुकडे काळवंडले आहेत, बरेचसे नाहीसे झाले आहेत, आणि तळाशी पांढरे स्फटिक जमले आहेत. ते टायरोसिनचे. मांस इतकं पचलं आहे, की त्यातली अमिनो आम्लं सुटी होऊन खाली बसली. नळीचं बूच निघालं की मान मागे घ्या. या जंतूला साखर लागत नाही, साखर तो आंबवतच नाही. त्याचं सगळं जगणं प्रथिनांवर.

म्हणून मोठ्या भांड्यांत त्याच्यासाठी पेप्टोनचा द्राव तयार केला जातो, म्हणजे अर्धवट पचवलेल्या प्रथिनांचं खाद्य. द्राव वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर निर्जंतुक करायचा. नुसती उकळी पुरत नाही, बीजाणू उकळत्या पाण्यालाही पुरून उरतात. उष्णतेने द्रावातली हवाही निघून जाते. तो निवला, की हवा परत विरघळायच्या आत बी घालायचं. मग ३७ अंशांच्या उबेत भांडी ठेवायची आणि वाट पाहायची. हा जंतू थोडी हवा सोसतो, पण खरा बहरतो तो हवा नसताना. सकाळी द्राव गढूळ झालेला दिसतो.

इथे घाई करून चालत नाही आणि उशीर करूनही. लवकर काढलं तर कोलॅजेन विरघळवणारं एन्झाइम पुरेसं बनलेलं नसतं. फार वेळ ठेवलं तर जंतूने सोडलेली इतर पाचक द्रव्यं आपल्याला हव्या असलेल्या एन्झाइमचेच लचके तोडायला लागतात. कारण हिस्टोलिटिकम एकच एन्झाइम सोडत नाही. तो मिश्रण सोडतो. त्यात प्राणघातक विषही आहे. वॉर्डातल्या त्या माणसाच्या पोटावर हे मिश्रण तसंच ओतण्याचा विचारही कुणी करणार नाही.

तेव्हा आता वेगळं करणं सुरू होतं, आणि माझ्या मते या गोष्टीचा खरा पराक्रम इथे आहे, वाढवण्यात नव्हे. द्राव बारीक गाळणीतून दाबाने गाळायचा. जंतू मागे राहतात, खाली पडतो तो स्वच्छ, पिवळसर, जंतूविरहित द्राव. चोवीस तासांपूर्वी ज्याला हात लावायची भीती वाटली, त्याच्यातला जीव गेला, काम उरलं. मग त्या द्रावात अमोनियम सल्फेट थोडं थोडं घालत जायचं. मीठ वाढत जातं तशी प्रथिनं पाणी सोडून साक्याच्या रूपाने खाली बसतात. सगळी एकदम नाही, ज्याची त्याची वेळ ठरलेली. साका काढायचा, पुन्हा विरघळवायचा, पुन्हा बसवायचा. शेवटी सेलोफेनच्या पिशवीत भरून थंड पाण्यात लोंबत ठेवायचा, म्हणजे मीठ बाहेर झिरपतं आणि प्रथिन आत राहतं. तुमची बोटं गारठतात. ही सगळी कामं थंड खोलीत करायची असतात, कारण उबेत एन्झाइम मरगळतं.

हाती आलं ते कोलॅजेन तोडणारं एन्झाइम, म्हणजे कोलॅजेनेझच आहे हे कशावरून? बैलाच्या घोट्यामागची कंडरा घ्यायची, जवळपास शुद्ध कोलॅजेन. सामान्य पाचक एन्झाइमं अखंड कोलॅजेनपुढे हात टेकतात. ती शिजलेलं, उलगडलेलं कोलॅजेन, म्हणजे जिलेटिन, खुशाल खातात, पण मूळच्या पिळाला त्यांचे दात लागत नाहीत. मँडल यांच्या नळीतली कंडरा मात्र विरघळते. दुसरी खूणही आहे. हिस्टोलिटिकमचं जे दुसरं प्रथिनपाचक एन्झाइम आहे, त्याला सिस्टीन घातलं की जोर चढतो. कोलॅजेनेझ मात्र सिस्टीनने थंडावतं. एकाच जंतूच्या पोटातली दोन एन्झाइमं अशी एकमेकांपासून ओळखता येतात. १९५३ साली मँडल, त्यांचे सहकारी मॅक्लेनन आणि शल्यविशारद एडवर्ड हाउज यांनी हे काम प्रसिद्ध केलं. मॅक्लेनन यांनी युद्धात मध्यपूर्वेतल्या सैनिकांच्या जखमांमधले हेच जंतू अभ्यासले होते. फ्रान्सच्या चिखलापासून निघालेला धागा असा या टेबलापर्यंत आला.

पण हा पीळ म्हणजे नेमकं काय? त्यासाठी पटकन मद्रासला चला. १९५४. दुपारचं ऊन डोळ्यांत सलतं आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची क्ष-किरण चित्रं समोर ठेवून कोलॅजेनची प्रतिकृती जुळवत आहेत. त्या वर्षीच्या ‘नेचर’मध्ये त्यांनी मांडलं, की कोलॅजेन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ आहे. प्रत्येक साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, कारण पिळाच्या आतल्या अरुंद जागेत दुसरं काही मावतच नाही. पुढे कळलं, की हिस्टोलिटिकमचं कोलॅजेनेझ साखळी तोडतं ती या ग्लायसिनच्या अलीकडेच. मद्रासच्या खोलीत जो आकार दिसला, त्याच्या नेमक्या सांध्यावर न्यूयॉर्कच्या भांड्यातलं एन्झाइम घाव घालत होतं. या दोन खोल्या एका पानावर आणायचा मोह मला आवरत नाही, कारण आपल्याकडे रामचंद्रन यांचं नाव पाठ्यपुस्तकापुरतं उरलं आहे.

आता त्या खाटेवरच्या माणसाची मांडी नव्या नजरेने पाहा. त्वचेच्या आतल्या थरातलं पाणी वगळलं, तर जवळपास पाऊण वजन कोलॅजेनचं असतं. आगीने वरचं कोलॅजेन शिजलं, त्याचा पीळ सुटला. पण मेलेला थर आणि जिवंत मांस यांच्या सीमेवर, खोलात, काही धागे शिजलेले नसतात. ते पीळ टिकवून उभे असतात आणि थराला तळाशी घट्ट बांधून ठेवतात. गोधडीचा वरचा पदर जळून गेला, तरी टाके खालच्या पदरात पक्के राहावेत, तसं. सिस्टरची कात्री ज्याच्याशी झगडत होती ते हे टाके. वॉर्डातले जंतू आठवडेच्या आठवडे घेऊन जे उसवत होते तेही हेच.

१९५९ साली हाउज, मँडल आणि त्यांचे सहकारी आणखी एक निबंध प्रसिद्ध करतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना तिसऱ्या दर्जाचं भाजवून त्यावर हिस्टोलिटिकमची एन्झाइमं लावून पाहिली. त्या प्राण्यांनी सोसलं ते विसरून पुढे जाणं मला जमत नाही. पुढे बनलेल्या मलमाच्या किमतीत तेही आहे. प्रयोगांनी दाखवलं, की जंतूशिवाय, नुसत्या एन्झाइमने, एस्कार सुटू शकतो. ज्या पेचावर १९५०च्या वॉर्डात सगळे अडले होते तो इथे सुटतो: जंतूचं काम घ्यायचं, जंतूला भांड्यातच ठेवायचं.

यापुढची वर्षं तुम्ही भरभर पार करा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, लिनब्रुक गावात, १९५७ साली सुरू झालेली ॲडव्हान्स बायोफॅक्चर्स ही छोटी कंपनी हे एन्झाइम मोठ्या प्रमाणावर बनवते. १९६५ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने कोलॅजेनेझच्या मलमाला परवानगी दिली. पेट्रोलियम जेलीत कालवलेलं, एका ग्रॅममध्ये २५० युनिट. १९६७मध्ये सेंट लुईसला पॉल लेसी यांनी याच एन्झाइमने उंदराच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणारी बेटं अलगद सुटी केली. २०१०मध्ये, तळहाताच्या आत कोलॅजेनची गाठोळी होऊन बोटं आखडतात त्या आजारावर, ते सुईने टोचायलाही मान्यता मिळाली.

भाजलेल्यांच्या बाबतीत मात्र गोष्ट सरळ गेली नाही. १९६८ साली, आणि तेही कोलंबिया विद्यापीठातच, चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन पुढे आणलं. तेच पांढरं मलम, जे आज महाराष्ट्रात तालुक्याच्या दवाखान्यातही भाजलेल्यावर लावतात. त्याने असंख्य जीव वाचवले. चांदीचे आयन जंतूंना मारतात. पण जंतू मेले, की त्यांचं काम थांबतं, आणि वॉर्डात लक्षात आलं, की आता एस्कार पूर्वीपेक्षाही उशिरा सुटतो आहे. मरण कमी झालं आणि वाट पाहणं वाढलं. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा, की इतकी वर्षं थर सोडवत होते ते जंतूच?

दोन वर्षांनी, १९७०मध्ये, युगोस्लाव्हियातल्या मारिबोर शहरातून झोरा यान्झेकोविच यांनी वेगळाच मार्ग मांडला. वाटच पाहायची नाही. पहिल्या काही दिवसांतच मेलेली त्वचा पातळ पापुद्र्यांनी तासत जायची, रक्ताचे ठिपके दिसले की थांबायचं आणि लगेच नवी त्वचा लावायची. मोठ्या भाजण्यात हाच मार्ग बरोबर आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. एन्झाइमला दिवसच्या दिवस लागतात, आणि शरीराचा तिसरा हिस्सा भाजलेल्या माणसाकडे ते दिवस नसतात. पण सुरीला रक्त लागतं, भूल लागते आणि जखम झाकायला त्वचा लागते. मुंबईच्या सायन रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली ती २००० साली. शिवाय सुरीला मेलेलं आणि अर्धमेलं यांतला फरक तंतोतंत कळत नाही. हाताच्या पाठीवर, चेहऱ्यावर, म्हाताऱ्या माणसाच्या पातळ कातडीवर, जिथे एकेक मिलिमीटर जिवंत त्वचा वाचवायची असते, तिथे एन्झाइमचा सावकाशपणा हाच गुण ठरतो. निरोगी ऊतीतल्या कोलॅजेनला ते सहसा धक्का लावत नाही. तिथल्या धाग्यांभोवती इतर द्रव्यांचं संरक्षक आवरण असतं, असं त्याचं कारण दिलं जातं.

शेवटच्या मुक्कामाला या. सत्तरच्या दशकातला एक वॉर्ड. एका आजींचा हात चुलीपाशी पदर पेटून भाजला आहे, हाताच्या पाठीवर तळव्याएवढा थर उरला आहे. ट्रॉलीवर दोन्ही मलमं आहेत, आणि तुम्हाला सिस्टरला मदत करायची आहे. आधी चांदीचं मलम सलाइनने पूर्ण पुसून काढा, कण राहू देऊ नका. चांदी आणि पारा हे धातू कोलॅजेनेझलाही निकामी करतात. जंतूला मारणाऱ्याला त्याच्या एन्झाइमची ओळख नसते. थर जाड असेल तर डॉक्टर दहा नंबरच्या पात्याने त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारतील, म्हणजे मलम आत पोचेल. मग लाकडी पट्टीने मलमाचा थर पसरवा, जखमेच्या काठाबाहेर जाऊ देऊ नका, वर निर्जंतुक गॉज ठेवा आणि पट्टी बांधा. उद्या पुन्हा हेच. परवाही. खाली लाल, दाणेदार, रक्ताने भरलेली नवी ऊती दिसायला लागली, की कोलॅजेनेझ बंद करायचं.

आजी विचारतात, दुखेल का? थोडं चरचरेल, असं सांगा आणि हात हातात धरून ठेवा.